क्यूबिट डोळ्यांना दिसतो, मग तो क्वांटम कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुपरकंडक्टिंग क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरमधला शून्य-एक साठवणारा मूळ घटक) म्हणजे काही एकटा अणू नव्हे, चिपवर काढलेलं ॲल्युमिनियमचं सर्किट आहे, नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखं दिसतं, त्यात अब्जावधी अणू आहेत. मग ते क्वांटमसारखं का वागतं, क्वांटम संपून क्लासिकल, म्हणजे रोजच्या जगासारखं वागणं, सुरू होतं ती रेघ नक्की कुठे आहे, आणि क्यूबिट वाढवत गेलो तर ती रेघ कधीतरी आडवी येणार का?

मी ही सर्किटं बरीच वर्षं थंड करतोय, मोजतोय आणि जास्त करून बिघडलेलीच बघतोय, त्यामुळे उत्तर प्रयोगाच्या बाजूने देतो. रेघ धातूच्या आकारात नाहीये. सर्किटाच्या अवस्थेबद्दलची माहिती बाहेर किती झिरपते, त्यावर सगळं आहे, आणि ही गळती आम्ही रोज फिल्टर लावून, केबल बदलून, पॉवर कमीजास्त करून पुढेमागे करतो. हे वाचायला तत्त्वज्ञान वाटतं पण तसं नाहीये, मीटरवर दिसतं.

आधी ते आकाराचं बघू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. दोरीला टांगलेला दगड घ्या. दगडात अणू मोजता येणार नाहीत इतके, पण तो झुलतोय कसा हे सांगायला एकच गोष्ट लागते, दोरीचा कोन. बाकीचे अणू आपापल्या जागी थरथरत असतात आणि खरी अडचण तीच आहे: कोनाच्या हालचालीतली ऊर्जा आणि माहिती ते सतत ओढून घेतात, भोवतालची हवा घेते, दगडावर पडणारा उजेडही घेतो. सुपरकंडक्टरमध्ये ही बाकीची मंडळी गप्प बसवता येतात. ॲल्युमिनियम साधारण १.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं, म्हणजे करंटला अजिबात विरोध करत नाही, इलेक्ट्रॉन जोड्यांनी एकाच सामायिक अवस्थेत जातात, आणि एक जोडी तोडायला जेवढी ऊर्जा लागते ती साधारण ८८ गिगाहर्ट्झच्या फोटॉनएवढी असते. आम्ही काम करतो ५ गिगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे आमच्या हलक्या धक्क्यांनी एकही जोडी तुटत नाही, अब्जावधी इलेक्ट्रॉन असले तरी हलायला मोकळी अशी एकच गोष्ट उरते, सर्किटातल्या जंक्शनच्या (ते काय ते लगेच सांगतो) दोन बाजूंच्या सामायिक अवस्थांमधला फेजचा, म्हणजे लहरींच्या तालाचा, फरक. तोच आमचा दोरीचा कोन. क्यूबिट म्हणजे तो कोन, ॲल्युमिनियम हे फक्त त्याचं घर.

जंक्शन म्हणजे दोन ॲल्युमिनियमच्या थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा, बाजू शे-दोनशे नॅनोमीटर. त्यातून कूपर जोड्या, म्हणजे मघाच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, विनाव्होल्टेज आरपार जातात हे ब्रायन जोसेफसनने १९६२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कागदावर सांगितलं. आपल्या कामासाठी महत्त्वाचं हे की जंक्शन हे वाकडं इंडक्टर आहे, करंट वाढला की त्याची किंमत बदलते. का हवं हे वाकडेपण? साध्या कॉइल-कपॅसिटरच्या सर्किटात ऊर्जेच्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात, एका सुराने ढकललं तर ते सगळ्या पायऱ्या एकदम चढत जातं आणि जे दिसतं ते हुबेहूब क्लासिकल झोक्यासारखं दिसतं. किती का थंड करा, कसंही ढकला, फरक कळायचा नाही! जंक्शन घातलं की पहिली पायरी समजा ५ गिगाहर्ट्झवर, तर दुसरी त्यापेक्षा दोन-अडीचशे मेगाहर्ट्झ खाली येते, मग खालच्या दोनच पायऱ्या वेगळ्या काढून शून्य आणि एक म्हणून वापरता येतात.

आता इतिहासातला एक प्रयोग सांगतो आणि तो जरा सावकाश सांगतो, कारण २०२५ चं नोबेल त्याला मिळाल्यापासून लोक ‘मोठ्या वस्तूचं टनेलिंग’ (ओलांडायला ऊर्जा पुरत नसताना अडथळ्यातून आरपार जाणं) एवढंच सांगून मोकळे होतात, खरी कारागिरी कुणी सांगत नाही. १९८० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ अँथनी लेगेट म्हणत होते की एखादी मोठी वस्तू सुपरकंडक्टर आहे एवढ्यावरून तिची सामूहिक हालचाल क्वांटम आहे हे सिद्ध होत नाही, ते वेगळं दाखवावं लागेल. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात जॉन क्लार्क, त्यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून आलेले मिशेल देवोरे आणि पीएचडी करणारे जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये ते दाखवलं. जंक्शनमधून करंट सोडायचा. फेज एका खळग्यात अडकलेला असतो तोवर व्होल्टेज शून्य, तो खळग्यातून निसटला की व्होल्टेज दिसतं. निसटण्याचे मार्ग दोन, उष्णतेच्या धक्क्यांनी कड ओलांडून किंवा कडेच्या आतून टनेल होऊन. तापमान कमी करत गेलं की पहिला मार्ग बंद होत जातो. त्यांना दिसलं की एका तापमानाखाली निसटण्याचा वेग कमी होणं थांबतं, सपाट होतो.

कुठलाही शंकेखोर माणूस इथे म्हणेल, अहो तुमच्या वायरीतून बाहेरचा नॉइज येतोय, फ्रिज थंड झाला पण जंक्शन थंड झालंच नाही. अगदी रास्त शंका आहे, यापूर्वीचे प्रयोग त्यातच अडकले होते. त्यांनी काय केलं, तर वायरींना तांब्याच्या भुकटीने भरलेले फिल्टर लावले, भुकटीचा प्रत्येक कण मायक्रोवेव्ह खातो, आणि मग त्याच जंक्शनचा क्रिटिकल करंट (विनाव्होल्टेज जास्तीत जास्त जेवढा जाऊ शकतो तो) चुंबकीय क्षेत्राने मुद्दाम कमी केला. क्रिटिकल करंट कमी केला की खळगा उथळ होतो, टनेलिंग सुरू व्हायला आणखी खालचं तापमान लागतं. आता जर सपाटपणा नॉइजमुळे असता तर तो इथेही तसाच दिसला असता. दिसला नाही, वेग तापमानाबरोबर खाली खाली जात राहिला. त्याच वायरी, तेच फिल्टर, तोच फ्रिज. म्हणजे मघाचं सपाट होणं खरोखर टनेलिंगचं होतं. वर मायक्रोवेव्ह टाकून खळग्यातल्या ऊर्जेच्या पायऱ्याही वेगवेगळ्या दाखवल्या. मला विचाराल तर पूर्ण प्रयोगातला सगळ्यात सुंदर भाग तो चुंबकीय क्षेत्राचा आहे. आणि ती भुकटीच्या फिल्टरची कल्पना नंतर कितीतरी फ्रिजमध्ये पोचली.

तापमानाचा हिशोब आता स्वतः करून बघू, कारण रेघ पुढेमागे करतो म्हणालो ते इथे कळेल. ५ गिगाहर्ट्झचा एक फोटॉन म्हणजे तापमानात ०.२४ केल्विन. खोलीच्या तापमानाच्या वायरीत या फ्रिक्वेन्सीला उष्णतेचे साधारण १२५० फोटॉन असतात. ती वायर तशीच क्यूबिटपर्यंत नेली तर चिप २० मिलिकेल्विनवर बसली असली तरी क्यूबिटच्या दृष्टीने तो खोलीतच बसलाय. म्हणून वाटेत ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल आणि नॉइज दोन्ही ठरावीक पटीने कमी करणारे तुकडे, लावतात. ४ केल्विनवर २० डीबी, म्हणजे शंभराने भागलं, साडेबारा उरले, पण तो ॲटेन्युएटर स्वतः ४ केल्विनचा असल्याने आपले सोळाएक फोटॉन घालतो, झाले २९ च्या आसपास. १०० मिलिकेल्विनच्या प्लेटवर आणखी २० डीबी, उरले सुमारे ०.४. तळाच्या प्लेटवर शेवटचे २० डीबी, उरले ०.००४. ही शेवटची पायरी म्हणजे क्यूबिट जवळजवळ कायम खालच्या अवस्थेत असणं आणि नसणं यातला फरक.

हे मला पाठ आहे त्याचं कारण एकदा हात पोळलेत. एका सर्किटात क्यूबिट दर आठ मोजमापांत एकदा तरी वरच्या अवस्थेत सापडायचा, साधारण १२ टक्के. आम्ही काहीही न करता. ५ गिगाहर्ट्झला १२ टक्के म्हणजे क्यूबिटचं तापमान १२० मिलिकेल्विन, आणि तळाच्या प्लेटचा थर्मामीटर ठामपणे १२ सांगतोय. दोन आठवडे आम्ही चिपला शिव्या घातल्या, जंक्शन खराब असेल, पृष्ठभाग घाण असेल, मॅग्नेटिक शील्ड नीट नसेल, सगळे आरोप झाले. शेवटी फ्रिज गरम करून उघडला तर त्या लाइनवरचा तळाचा ॲटेन्युएटर जागेवर नव्हताच, मागच्या वेळी कुणीतरी दुसऱ्या लाइनसाठी काढला होता (ते ‘कुणीतरी’ मीच होतो हे वहीतल्या माझ्याच अक्षरावरून कळलं). तो बसवला, परत थंड केलं, एक टक्क्याच्या खाली. चिप तीच, अणू तेवढेच. वीस डीबीच्या एका छोट्या दंडगोळ्याने रेघ अलीकडची पलीकडे गेली.

आकाराविरुद्धचा आणखी एक पुरावा म्हणजे या क्षेत्राचा पंचवीस वर्षांचा प्रवास. १९९९ साली नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी एनईसी या जपानी कंपनीत पहिला सुपरकंडक्टिंग क्यूबिट हलवून दाखवला, ते धातूचं छोटंसं बेट होतं आणि त्याची सुपरपोझिशन (शून्य आणि एक दोन्ही एकदम असण्याची अवस्था) काही नॅनोसेकंद टिकायची. २००७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने ट्रान्समॉन नावाचा क्यूबिट आणला, आज सर्रास वापरतात तो, त्यात मुद्दाम मोठा कपॅसिटर जोडला. २०११ मध्ये त्याच गटाने कपॅसिटरची आणखी मोठी पाती काढून ते सर्किट धातूच्या डब्यात ठेवलं आणि आयुष्य एकदम दहापट होऊन काही दहा मायक्रोसेकंदांवर गेलं. आज शेकडो मायक्रोसेकंद ही चांगल्या प्रयोगशाळेतली नेहमीची गोष्ट आहे, उत्तमातले उत्तम एक मिलिसेकंदाच्या पुढे गेलेत. म्हणजे सर्किट मोठं होत गेलं आणि जास्त क्वांटम होत गेलं! कारण अगदी गद्य आहे: पाती मोठी केली की विद्युत क्षेत्र पसरतं, पृष्ठभागावरच्या घाणेरड्या ऑक्साइडमध्ये त्याचा वाटा कमी पडतो, आणि ऊर्जा खाणारे दोष त्या ऑक्साइडमध्येच दडलेले असतात.

आता मोजमाप. क्वांटमचं क्लासिकल होताना बघायचं तर इथेच बघावं, आणि खरं सांगायचं तर या कामात मला अजूनही मजा येते ती इथेच. क्यूबिटच्या शेजारी ७ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सुरावर घुमणारं सर्किट, असतो. क्यूबिट शून्य असला तर त्याचा सूर थोडा इकडे, एक असला तर थोडा तिकडे, फरक मेगाहर्ट्झच्या घरात. त्यात एक मंद पल्स पाठवायचा, परत येणाऱ्या लहरीचा फेज बघायचा. प्रत्येक मोजमापाचा स्क्रीनवर एक ठिपका पडतो. हजारो वेळा केलं की ठिपक्यांचे दोन ढग दिसतात, एक शून्याचा, एक एकचा. वरच्या गोष्टीतले १२ टक्के म्हणजे चुकीच्या ढगात पडलेले ठिपके.

पल्स अगदी मंद ठेवला, समजा सरासरी एखाद-दुसरा फोटॉन, तर दोन्ही ढग एकमेकांवर इतके चढलेले असतात की एका ठिपक्यावरून काही सांगता येत नाही. पॉवर वाढवा, ढग हळूहळू दूर होतात, मधे मोकळी जागा तयार होते. आता याच्या जोडीने दुसरा प्रयोग चालवा: क्यूबिटला आधी सुपरपोझिशनमध्ये ठेवा, मग हा वाचनाचा पल्स द्या, मग परत फिरवून बघा की सुपरपोझिशन किती शिल्लक आहे. पल्स नसेल तर छान लाटांसारखा आलेख येतो. ढग जितके दूर होतात तितकी लाट बसत जाते, ढग पूर्ण सुटे झाले की लाट सपाट, उरतं ते नाणं उडवल्यासारखं अर्धं-अर्धं. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट बरोबर जुळते. मधे कुठेही ‘इथे क्वांटम संपलं’ अशी पाटी लागत नाही.

आणि आता जे सांगतो ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी स्वतः करायला लावतो. पल्स चालू ठेव पण खोलीतला ॲम्प्लिफायर बंद कर, डेटा साठवू नकोस, बघूच नकोस. लाट परत येते का? येत नाही. फोटॉन रेझोनेटरमधून बाहेर पडला, पुढे कुठल्यातरी ५० ओहमच्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन संपला, तरी झालेलं नुकसान तसंच राहतं. बघणारा माणूस, जाणीव, निरीक्षक वगैरे जे लोकप्रिय लेखांत भरलेलं असतं त्याची काही गरज नाही, त्या रेझिस्टरला कळलं एवढं पुरतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे: बाहेर पडणारा प्रत्येक फोटॉन तुम्ही नीट पकडलात आणि नोंद ठेवलीत तर अवस्था कशी सरकत गेली याचा माग काढता येतो. बर्कलीच्या गटाने २०१३ मध्ये एकेका क्यूबिटचा असा माग काढून दाखवला, आणि २०१९ मध्ये येलच्या मंडळींनी तर क्वांटम उडी अर्ध्यात पकडून परत फिरवली. तेव्हा डिकोहेरन्स, म्हणजे सुपरपोझिशनचं हे विरून जाणं, गूढ काही नव्हे, हरवलेल्या नोंदी आहेत.

फोटॉन बाहेर पडलाच नाही तर? समजा रेझोनेटर खूप चांगला आहे, फोटॉन आत मिलिसेकंदभर राहतो. मग हेच वाचन होतं, क्यूबिट आणि फोटॉन असेच एकमेकांत गुंततात, पण ते उलटवता येतं, सुपरपोझिशन गायब होऊन परत येते. येलला २०१३ मध्ये याच रीतीने डब्यातल्या मायक्रोवेव्हची दोन टोकाच्या अवस्थांची सुपरपोझिशन बनवली, शंभरेक फोटॉनच्या मापाची, ज्याला लोक श्रॉडिंगरचं मांजर म्हणतात.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं की इथे आकार मागच्या दाराने परत येतो. अशा मांजरात सरासरी जितके फोटॉन असतील, एकट्या फोटॉनच्या मानाने साधारण त्या आकड्याच्या दुप्पट पटीने ते लवकर मरतं, कारण एकच फोटॉन निसटला तरी मांजर कुठल्या बाजूला होतं ते फुटतं. हिशोब करू. एका फोटॉनचं आयुष्य एक मिलिसेकंद धरा. शंभर फोटॉनचं मांजर पाच मायक्रोसेकंद टिकेल. अजून हाताशी आहे, पाच मायक्रोसेकंदांत आम्ही बरंच काही करतो. पण त्याच डब्यात हजार कोटी फोटॉन भरले (आणि मायक्रोवेव्हमध्ये हजार कोटी म्हणजे काही फार नव्हे) तर आयुष्य येतं सेकंदाच्या वीस लाख कोटीव्या भागावर. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २०० पिकोसेकंदांचं, त्याच्या हजारोव्या भागात मांजर संपलं. लहर एकदा वरखाली व्हायच्या आत! म्हणून मोबाइलच्या टॉवरची लहर कधी दोन अवस्थांत सापडत नाही. नियम तेच आहेत, फक्त गळतीचा वेग आपल्या घड्याळाच्या पार पुढे निघून गेला. म्हणजे मोजायचं असेल तर वस्तूतले अणू नका मोजू, दोन पर्याय भोवतालच्या जगाला किती वेगळे दिसतात ते मोजा.

हे एकदा पकडलं की ‘मॅक्रोस्कोपिक’ या शब्दाची हवा जरा जाते, आणि जावी असंच मला वाटतं. ट्रान्समॉनमध्ये धातू भरपूर, पण शून्य आणि एक या अवस्थांमध्ये जंक्शनवरून इकडून तिकडे हेलकावणाऱ्या कूपर जोड्यांचा हिशोब काढला तर नेहमीच्या डिझाइनमध्ये तो येतो एक-दोन जोड्यांचा. अब्जावधींचा मेळा, हलतंय एक-दोन जोड्यांपुरतं. फ्लक्स क्यूबिट जास्त दणदणीत वाटतो, लूपमध्ये करंट एकाच वेळी उजवीकडून आणि डावीकडून, २००० साली स्टोनी ब्रुक आणि डेल्फ्टच्या गटांनी हे दाखवलं तेव्हा अब्जावधी इलेक्ट्रॉनांचं मांजर म्हणून गाजलं होतं. नंतर सैद्धांतिक मंडळींनी बसून मोजलं की दोन अवस्थांमध्ये खरोखर वेगळं वागणारे इलेक्ट्रॉन किती, तर आकडा फार तर काही हजारांवर आला. प्रयोगाची किंमत त्याने कमी होत नाही, पण मथळे लिहिणाऱ्यांनी तो आकडाही छापायला हवा होता.

एक शंका नेहमी येते आणि ती चांगली आहे: हे सगळं एखादं गुंतागुंतीचं क्लासिकल सर्किटही करत नसेल कशावरून? नुसता ढकलला की वर-खाली होणारा आलेख हा पुरावा पुरेसा नाही, हे मी मान्य करतो. २००५ मध्ये दाखवलं गेलंय की पूर्णपणे क्लासिकल समीकरणांनी चालणाऱ्या जोसेफसन जंक्शनमध्येही तसेच दिसणारे आलेख येतात. आमच्या रोजच्या कामातलं उदाहरण द्यायचं तर नवीन चिप आली की पहिल्यांदा रेझोनेटरची पॉवर वाढवत नेतो, कमी पॉवरला तो क्यूबिटमुळे सरकलेल्या जागी दिसतो, मग मधे सगळा गोंधळ, आणि पुरेशी पॉवर झाली की खटकन उडी मारून आपल्या मूळ जागी जातो, जणू क्यूबिट नाहीच. बघायला फार छान वाटतं, मी पण सुरुवातीला याला क्वांटमचं क्लासिकल होणं म्हणून पाहुण्यांना दाखवायचो. पण लंबकाला जोरात ढकललं की तो झुलायचा सोडून गोल गोल फिरायला लागतो, तसलाच हा प्रकार आहे, यातून क्वांटमबद्दल फारसं सिद्ध होत नाही. आता दाखवताना तसं सांगतो.

खरा पुरावा हवा तर बेलच्या असमानतेकडे जावं लागतं, म्हणजे दूरच्या दोन मोजमापांचा मेळ क्लासिकल जगात फार तर किती जमू शकतो त्या मर्यादेकडे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात दोन सुपरकंडक्टिंग सर्किटं ३० मीटर लांबीच्या थंड नळीने जोडली, पूर्ण नळी शून्य केल्विनच्या जवळ नेली, आणि दोन्ही टोकांची मोजमापं इतक्या वेगाने केली की प्रकाशालाही मधलं अंतर कापून निरोप पोचवायला वेळ मिळू नये. कुठल्याही स्थानिक क्लासिकल स्पष्टीकरणाची कमाल मर्यादा २ आहे, त्यांना मिळालं २.०७४७. आकडा दोनच्या थोडाच वर दिसतो पण चुकीची शक्यता त्या फरकाच्या मानाने फारच बारीक होती. २०२३ साली ते छापून आलं. ज्याला क्लासिकल सर्किट म्हणून भांडायचंय त्याने आधी त्या ३० मीटरचं उत्तर द्यावं.

मग राहिलं काय? एक गोष्ट राहिलीच, आणि ती मी झाकणार नाही. माहिती बाहेर गेल्यामुळे लाट का बसते हे डिकोहेरन्स सांगतं, पण त्या एका ठिपक्याने या ढगात न पडता त्या ढगात का पडावं हे सांगत नाही. सिद्धांत शक्यता देतो, ठिपका एकच पडतो. काही जण म्हणतात की वस्तुमान वाढलं की निसर्गच सुपरपोझिशन मोडतो. असेल, पण ते तपासायला क्यूबिट चुकीची जागा आहे, त्यात वस्तुमान हलतच नाही म्हणा ना. त्यासाठी २०२३ मध्ये ईटीएचमध्येच केलं तसं करावं लागेल, क्यूबिटला जोडून १६ मायक्रोग्रॅमच्या स्फटिकाच्या कंपनाची सुपरपोझिशन बनवली. वजन वाळूच्या बारीक कणाएवढं, पण दोन अवस्थांमधलं अंतर अणूच्या आकाराच्याही कितीतरी खाली. त्या अंतराला वाढवणं हे पुढच्या लोकांचं काम.

क्यूबिट वाढवत नेले तर रेघ आडवी येईल का, तर आजवर तशी खूण नाही. २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्यूबिटच्या विलो चिपवर त्रुटी सुधारण्याचा कोड (बरेच क्यूबिट मिळून एकच भरवशाचा क्यूबिट) ३×३ च्या जाळीवरून ५×५ आणि ५×५ वरून ७×७ असा मोठा केला तर चूक दर पायरीला साधारण निम्मी झाली, नेमकं सांगायचं तर २.१४ पट कमी. क्यूबिट जास्त, सुपरपोझिशन जास्त टिकाऊ. आडवं येतं ते फार घरगुती असतं. वैश्विक किरण चिपवर आदळून जोड्या तोडतात आणि एकाच वेळी बऱ्याच क्यूबिटचं आयुष्य कोसळतं. ऑक्साइडमधले दोष फिरतात. सध्या माझ्यासमोर एका क्यूबिटचा रात्रभराचा आलेख उघडा आहे, आयुष्य १८० मायक्रोसेकंदांवर होतं, पहाटे तीनला ४० वर आलं आणि तिथेच बसलंय, शेजारचा क्यूबिट मस्त आहे. कुठलातरी एक दोष सरकत सरकत नेमका याच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन बसला असणार. दोन दिवस वाट बघेन, नाही हलला तर फ्रिज गरम करून परत थंड करीन, बहुतेक वेळा तेवढ्याने तो दुसरीकडे जातो.